दुपारची मेथी

मे महिन्यात जळगावात दुपारी एक ते चार या वेळात शहाणा माणूस रस्त्यावर दिसत नाही. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, रिक्षावाले रिक्षा झाडाखाली लावून मागच्या सीटवर आडवे होतात आणि घराघरातून कूलरची घरघर ऐकू येते. त्या वेळी उन्हात ज्या असतात त्या भाजीवाल्या बायका. लोटगाडीवर ओलं बारदान आणि बारदानावर मान टाकलेली मेथी. सकाळी टवटवीत असलेली जुडी दुपारी अर्ध्या भावात, संध्याकाळी गाईला. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललंय आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. मला वाटलं, आणि तिथून माझ्या आयुष्याची घडी विस्कटली.

मी कूलरवाल्याची मुलगी. आम्ही मूळचे पारोळ्याकडचे. वडिलांचं जळगावात कूलर बनवायचं वर्कशॉप आहे. त्यांना घरात आणि गल्लीत सगळेच नाना म्हणतात. पत्र्याचा आवाज ऐकतच मी मोठी झाले, डिप्लोमा केला आणि पुण्यात एसीच्या कंपनीत नोकरीला लागले. काही वर्षांनी ती नोकरी सोडून, भाजी दुपारीही ताजी राहील अशी लोटगाडी बनवायची म्हणून परत आले. नानांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पुन्यानी नोकरी सोडीसन आठे कूलरच बनाडाले उनी का तू?"

प्रश्न चुकीचा नव्हता. गाडीला मी दुहेरी पत्रा लावला होता, मध्ये कूलरचं गवत, त्यावर छोट्या पंपानं झिरपणारं पाणी, खाली एक पंखा आणि स्कूटरची बॅटरी. म्हणजे चाकांवरचा कूलरच. फक्त त्यातली हवा माणसाच्या अंगावर न येता पालेभाजीच्या बुडाशी जायची. नानांना हे समजलं होतं. मुलगी समजत नव्हती.

तेव्हा गावाबाहेर एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात नवं इन्क्युबेशन सेंटर निघालं होतं. नवे उद्योग करू पाहणाऱ्यांना वर्षभर जागा, अवजारं आणि सल्ला द्यायचा, अशी ती सोय. मी अर्ज केला, मुलाखत दिली आणि मला मागच्या बाजूची एक शेड मिळाली. आत वेल्डिंगचा सेट होता, ड्रिल होतं आणि हवेतला ओलावा मोजायचं एक उपकरण होतं. पुण्यात माझ्या साहेबानं ते मला हातात धरू दिलं नव्हतं. इथे ते दिवसभर माझ्याच टेबलावर असायचं. मी त्या सेंटरला नावं ठेवणार आहे, त्याआधी हे सांगून टाकते की त्या शेडमध्ये मी जितकी आनंदात होते तितकी कुठल्याच ऑफिसात नव्हते.

शेडबरोबर आणखी एक गोष्ट मिळाली, ती कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते. मी पत्रा घ्यायला दुकानात गेले की दुकानदार माझ्या मागे बघायचा आणि विचारायचा, "सोबत कोणी जेन्ट्स नाही का?" सेंटरमधून आले म्हटलं की तोच माणूस खुर्ची पुढे सरकवायचा, पाणी मागवायचा. मला त्याचा रागही यायचा आणि त्या खुर्चीवर मी बसायचेही. आपल्याकडे बाईच्या हातात पत्रा कापायची कात्री शोभत नाही असं मानणाऱ्यांची कमी नाही, आणि त्या प्रत्येकाशी भांडत बसले असते तर गाडी कधीच उभी राहिली नसती.

सेंटरची मुख्य इमारत मात्र दुसऱ्याच दुनियेतली होती. काचेच्या भिंती, बसायला चेंडूसारख्या गोल मऊ गाद्या, भिंतीवर इंग्रजीत मोठमोठी वाक्यं, आणि एसी इतका गार की मी मे महिन्यात स्टोल गुंडाळून बसायचे. कूलरवाल्याच्या पोरीला थंडी वाजते म्हणून सगळे माझी चेष्टा करायचे. आमचे व्यवस्थापक सर तरुण होते, भुसावळकडचे, मनानं चांगले. सल्ला द्यायला पुण्याहून पडद्यावर एक मार्गदर्शक यायचे. त्यांनी माझी गाडी फोटोत पाहिली आणि म्हणाले, गाडी राहू दे, भाजी घरपोच देणारं ॲप काढ, गाडी हा जड धंदा आहे. मी म्हटलं, सर, जड आहे म्हणूनच तिला चाकं लावलीत. सगळे हसले. ते हसले नाहीत.

पहिली गाडी मी धुळ्याला देवपुरातल्या एका भाजीवालीला दिली. ती आमच्या नात्यातल्या कुणाची तरी शेजारीण, सगळे तिला अक्का म्हणतात, मीही. तिनं घासाघीस करून गाडी विकत घेतली, फुकट नाही. मी गाडीला वरून मस्त झाकण बसवलं होतं, थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून. आठवड्यानं बघायला गेले तर झाकण काढून जमिनीवर टाकलेलं आणि अक्का त्यावर मांडी घालून बसलेली.

मी चिडले. अक्का शांतपणे म्हणाली, "झाकन लावं का गिऱ्हाइकले वाटस, मझार सडेल माल शे."

झाकण लावलं की आत सडका माल आहे असं गिऱ्हाइकाला वाटतं, हे तिचं खरं होतं. आपल्याकडची बाई मेथीची जुडी हातात घेतल्याशिवाय, दोन पानं खुडून वास घेतल्याशिवाय भाव विचारत नाही. झाकलेली भाजी म्हणजे लपवलेली भाजी. मी आयुष्यभर आईबरोबर बाजारात गेलेली मुलगी, आणि पुण्याच्या फ्रिजनं माझ्या डोक्यातून एवढी साधी गोष्ट काढून टाकली होती. अक्काही काही कमी नव्हती. तिनं माझ्या पंपाच्या टाकीत चिखलाची कोथिंबीर धुतली आणि पंप बंद पाडला. मी दुरुस्त केला. तिनं पुन्हा धुतली. त्यावरून आमची रस्त्यात अशी जुंपली की शेजारचा पंक्चरवाला मध्ये पडला. शेवटी मी टाकीला जाळी बसवली आणि झाकण कायमचं काढून टाकलं. आता भाजी वर उघडी, जाळीवर पसरलेली, आणि गार हवा खालून. त्या उन्हाळ्यात अक्काची मेथी संध्याकाळपर्यंत उभी राहिली.

वर्ष संपत आलं तेव्हा सेंटरचा डेमो डे ठरला. प्रत्येकानं आपलं काम पाहुण्यांसमोर दाखवायचं, पाहुणे गुण देणार, जे पास होतील त्यांना शेड आणखी एक वर्ष. जे नाही होणार त्यांनी किल्ली परत करायची. मला पुढच्या उन्हाळ्यासाठी नव्या गाड्या बनवायच्या होत्या. अक्काच्या ओळखीतल्या बायका विचारत होत्या. शेड गेली तर वेल्डिंग गेलं, ती दुकानदाराची खुर्ची गेली आणि परत बोलावणाऱ्या पुण्याच्या कंपनीचा फोन उचलण्याशिवाय मार्ग उरला नसता. नानांच्या वर्कशॉपमध्ये जागा नव्हती. उन्हाळ्याचे चार महिने ते जे कमावतात त्यावर घर वर्षभर चालतं, आणि त्या महिन्यांत तिथे पाय ठेवायलाही जागा नसते.

डेमो मे महिन्यातच होता, पण दुसऱ्या मजल्यावरच्या एसी हॉलमध्ये.

रंगीत तालमीला चार जणांनी मिळून शेडमधली नमुन्याची गाडी जिन्यानं वर चढवली. मी एका बाजूला गाडीवर मेथी ठेवली, दुसऱ्या बाजूला साध्या टोपलीत. आम्ही वाट पाहिली. दोन्हीकडची मेथी तितकीच ताजी. असणारच. त्या हॉलमध्ये मेथी काय, मीही आठवडाभर ताजी राहिले असते. व्यवस्थापक सर मान हलवत म्हणाले, "फरक दिसत नाहीये मॅडम."

"सर, फरक उन्हात दिसतो. खाली पार्किंगमध्ये घेऊ या ना."

"पाहुण्यांना उन्हात कसं उभं करायचं? त्यापेक्षा एक व्हिडिओ बनवा. आणि तुमच्या त्या भाजीवाल्या मावशींचा मोठा फोटो लावू. खाली लिहू, लाभार्थी."

त्या रात्री मला झोप लागली नाही, रागामुळे. ज्या जागेवर उन्हाचं काम करणाऱ्यांसाठी काही घडावं म्हणून सेंटर उघडलं, तिथे उन्हालाच प्रवेश नव्हता. हा सगळा कारभार पुण्याकडे बघून उभा केलेला, पुण्यानं तो बंगळुरूकडे बघून केलेला आणि बंगळुरूनं आणखी कुठे तरी बघून. या रांगेत आमचा खान्देश शेवटी आणि आमची दुपार तर कोणाच्या ध्यानीमनीही नाही. आम्हाला मदत हवी होती, ती मिळालीही. पण मदत घ्यायची तर आपलं गाव दाराबाहेर चपलांसारखं काढून आत यायचं, हे मला मान्य नव्हतं.

मी अक्काला फोन केला. म्हटलं, नमुन्याची नको, तुमची रोजची गाडी एक दिवस जळगावला न्यायची आहे, टेम्पो पाठवते. फोटोखाली लाभार्थी लिहिणार आहेत हेही सांगितलं. तिनं विचारलं, लाभार्थी म्हणजे काय. मी म्हटलं, ज्याला फुकट मिळतं तो.

"मी त पैसा दिधात," अक्का म्हणाली. आणि लगेच, "मी येसू. गाडी मनी शे. ती दखाडाले दुसरं कोन जाई?" गाडी तिची होती, ती दाखवायला तीच येणार होती.

डेमोच्या दिवशी सकाळी अक्का टेम्पोत गाडीशेजारी बसून आली, डोक्यावर पदर, मांडीवर तराजू. आम्ही गाडी पार्किंगमध्ये भर उन्हात लावली. शेजारी एका भाजीवाल्याकडून दिवसभरासाठी मागून आणलेली साधी लोटगाडी. दोन्हींवर एकाच मळ्यातली, एकाच वेळी तोडलेली मेथी, कोथिंबीर आणि पोकळा. साध्या गाडीवर बारदान ओलं करून अंथरलं, लबाडी नको म्हणून त्यावर पाणीही शिंपडत राहिलो. मग अक्का गाडीच्या सावलीत बसली आणि मी स्टोल गुंडाळून वर थंडीत गेले.

हॉलमध्ये समोर तीन पाहुणे होते. मुंबईहून आलेले एक गुंतवणूकदार, एक प्राध्यापक आणि जळगावचे एक दालमिलवाले शेठ. शेठच्या घराण्याचं मूळ राजस्थानात, पण कित्येक पिढ्या इथेच गेलेल्या, मराठी आपल्यासारखीच. कोणी ॲप दाखवलं, कोणी शेताचं पाणी फोनवर मोजून दाखवलं, सगळ्यांना टाळ्या मिळाल्या. माझी पाळी जेवणानंतर आली. बाहेर तीन वाजत आलेले.

पडद्यावर माझं काहीच नव्हतं. मी माईक घेतला. आवाज खणखणीत लागला.

"माझी गाडी या खोलीत चालत नाही," मी म्हणाले. "या खोलीसाठी मी ती बनवलेली नाही. ती खाली पार्किंगमध्ये सकाळपासून उभी आहे. जिची आहे ती मालकीणही तिथेच आहे. बघायची असेल तर खाली चला. मी इथे दुसरं काही दाखवणार नाही."

व्यवस्थापक सरांचा चेहरा उतरला, त्यांच्याकडे मला बघवेना. मुंबईचे पाहुणे घड्याळ बघून म्हणाले, वेळ कमी आहे, तोंडी सांगा. मी म्हटलं, तोंडी थंड वाटत नाही सर. प्राध्यापकांनी पाण्याची बाटली उघडली आणि पुन्हा बंद केली. मी माईक टेबलावर ठेवला आणि दाराकडे चालायला लागले. मागे कोणी येईल असं मला वाटत नव्हतं. जिन्यावर पावलं वाजली म्हणून वळून पाहिलं तर शेठ खिशातला रुमाल डोक्यावर बांधत खाली उतरत होते.

पार्किंगमध्ये डांबर चपलेला चिकटत होतं. साध्या गाडीवरची मेथी बारदानावर लोळण घेऊन पडलेली, कोथिंबिरीच्या कडा काळ्या. अक्काच्या गाडीवर सगळं सकाळसारखं. मी पाण्याचं, हवेचं, बॅटरीचं सांगायला तोंड उघडलं, पण शेठनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी अक्काच्या गाडीवरून मेथीची एक जुडी उचलली, दोन पानं खुडली, वास घेतला आणि जन्मभराच्या सवयीनं म्हणाले, "अक्का, आता दुपार झाली. एकाच्या भावात दोन जुड्या टाका."

अक्कानं त्यांच्या हातातून जुडी काढून घेतली आणि परत जाळीवर नीट लावली.

"दुपार तुमनी शे, शेठ. भाजी आजूक सकायनीच शे."

शेठ मोठ्यानं हसले, पूर्ण भावानं दोन जुड्या घेतल्या आणि रुमाल सोडून त्यात बांधल्या. वर जाताना त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, ही गाडी रोज किती पाणी पिते. मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि जिना चढले. मला वाटलं, जिंकले.

निकाल संध्याकाळी लागला. शेठनी पूर्ण गुण दिले होते. बाकीच्या दोघांनी सादरीकरण झालंच नाही म्हणून शून्य. वर एक शेरा होता, 'उत्पादनाची उपयुक्तता नियंत्रित वातावरणात सिद्ध झाली नाही.' मी नापास होते. शेड गेली. अक्का तोवर उरलेली सगळी भाजी कॉलेजच्या शिपाई लोकांना विकून टेम्पोत बसली होती, आणि भाव तिनं त्यांनाही सोडला नव्हता. मी तिला निकाल सांगितला तेव्हा तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. टेम्पो गेल्यावर मी त्या पार्किंगमध्ये उभी राहून रडले. माघार घेतली असती तर शेड राहिली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या हॉलमध्ये व्हिडिओ लावून उभी राहिले असते तर माझं तोंड मलाच आरशात बघवलं नसतं.

घरी नाना अंगणात बसले होते. मी शेरा वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला.

"आपला खान्देशमा नियंत्रित वातावरण कोठे शे?" त्यांनी विचारलं, अगदी गंभीरपणे. मग मी हसले, आणि तेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्याच्या आवाजानं मला जाग आली. वर्कशॉपमध्ये गेले तर नाना आणि त्यांचा कारागीर तयार कूलर एकेक करून बाहेर रस्त्याच्या कडेला मांडत होते. भर सीझन. बाहेर धूळ बसणार, रंग उडणार, रात्री राखण करावी लागणार. आतली अर्धी जागा रिकामी झालेली, झाडून घेतलेली, आणि मधोमध नानांचं जुनं वेल्डिंग मशीन.

"नाना, सीझन शे ना," मी म्हटलं.

"शे. मंग काय झायं? कूलर रस्तावर बी इकातस. तू आठे काम कर."

याच माणसानं मला विचारलं होतं, कूलरच बनवायला आलीस का. बोलले असते तर पुन्हा रडले असते, आणि कारागीर बघत होता. मी सरळ मशीनची वायर तपासायला घेतली. ती दोन ठिकाणी उंदरानं कुरतडलेली होती.

काही दिवसांनी व्यवस्थापक सर किल्ली घ्यायला आले. बिचारे दुपारी आले, मोटरसायकलवरून, चेहरा लालबुंद. मी नव्या गाडीला जाळी बसवत होते आणि पंखा चालू होता. ते किल्लीसाठी हात पुढे करून उभे राहिले ते गाडीपासून हलेनात. हळूच दुसरा हात त्यांनी जाळीवर ठेवला. खालून गार हवा येत होती.

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा," शेवटी ते म्हणाले. "मी वर बोलून बघतो."

"करीन सर. पण डेमो पार्किंगमध्ये. दुपारी."

"पाहुणे येणार नाहीत हो."

"मग जे भाजी घ्यायला येतील त्यांना बोलवा."

त्यांनी किल्ली घेतली आणि पाणी पिऊन गेले.

या वर्षी मी खरंच अर्ज केलाय. मला ते उपकरण पुन्हा हवंय, ती शेड हवीय, आणि ती माझ्या हक्काची आहे असं मला वाटतं. आमच्या गावात, आमच्या नावानं उघडलेल्या सेंटरमध्ये आम्ही जसे आहोत तसे शिरलो नाही तर ते नेमकं कोणासाठी आहे, हे कोणी तरी विचारत राहायला हवं. डेमोचं ठिकाण या रकान्यात मी लिहिलंय, पार्किंग, दुपारी दोन, कृपया रुमाल सोबत आणावा. नाना म्हणतात, आगाऊपणा करू नको. पण अर्ज पोस्टात टाकायला तेच गेले.

देवपुरात आता अक्काच्या रांगेला माझ्या आणखी काही गाड्या उभ्या आहेत. त्यांच्या टाक्यांना जाळी आहे, तरी एक बाई जाळी काढून त्यात पालक धुते, आणि तिच्याशी भांडायला मला दर आठवड्याला धुळ्याची एसटी पकडावी लागते. सेंटरकडून अजून उत्तर आलेलं नाही. आत्ता मे चालू आहे, बाहेर दुपारचे तीन वाजलेत, आणि धुळ्यात अक्का भाव कमी करत नाहीये.